कौतुकाला लावलेली तीट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

उशीर झाला, माफ कर. दसऱ्याला शेवटचं लिहिलं, आणि आज दिवाळी होऊनही दहा दिवस उलटले. वहीची माफी मागतोय, कुणी बघितलं तर हसेल. चष्म्याची काडी मोडली होती हे एक कारण. खरं कारण वेगळं — चांगलं लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि वाईट लिहायला मी भितो. बोललेलं विसरलं जातं. लिहिलेलं बसून राहतं.

सोसायटीत माणसं टिकेनात. झाडलोट, बाग, कचरा मिळून चौदा जण होते. दिवाळीला गावी गेले त्यातले चार परत आलेच नाहीत. मी मुकादम, म्हणजे जाब मला. मारुंजीत ही सोसायटी झाली, तिची ब इमारत उभी आहे तिथं आमचं खाचर होतं. आंबेमोहर व्हायचा. जमीन गेली तेव्हा बिल्डरनं मला हे काम दिलं. सातवी शिकलेल्याला आणखी काय देणार? नऊ वर्षं झाली. वय सदुसष्ट. हे काम गेलं तर घरी बसून सारजाबाईची बोलणी ऐकायची. बायको म्हणून चांगली आहे, पण तिचं तोंड दिवसभर चालू असतं.

उन्हाळ्यापासून माणसं पुरवायचं काम नव्या कंपनीकडं गेलंय. आज त्यांच्या ऑफिसातून स्नेहल मॅडम आल्या. पंचविशीची मुलगी, लातूरकडची. मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, माणसं का सोडून जातात ते आपण शोधायचं. नुसतं ओरडून माणूस थांबत नाही."

मी कुठं ओरडतो!

ओरडतो थोडा.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातला गेटमागं हजेरी. मी नाव घेतो, ते "हाय" म्हणतात. आज दहा वेळा "हाय" ऐकलं आणि हजेरी संपली. पूर्वी चौदा वेळा ऐकायचो. सवय मोडत नाही, पुढचं नाव ओठावर येतंच.

ब इमारतीचा जिना तुळजाबाईकडं. तुळजापूरकडची बाई, नवरा नाही, पोर नाही. ह्या इमारतीच्या बांधकामावर घमेली वाहायला आली होती, ती इमारत झाल्यावर तिथंच झाडायला राहिली. अकरा मजले. नऊ वर्षांत तिच्या फरशीवर डाग मी पाहिला नाही. तरी मी रोज वर जाऊन काहीतरी काढतोच. इथं केर राहिला, तिथं ओल राहिली. आता तिला माझी रीत पाठ झालीय. आज लिफ्टचं दार उघडतंय तोच म्हणाली, "या मुकादम! तुमच्यासाटी एक कोपरा ठिवलाय. तेवडं बोलून घ्या, म्हंजी मला फुडं जाता यील."

आणि खरंच ठेवला होता! चिमूटभर केर, नीट गोळा करून. मला हसू आलं ते दाबलं. म्हटलं, "लई शहाणी झालीस."

खाली उतरताना वळून पाहिलं. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात फडका, कठड्यावरून फिरवत फिरवत हळू उतरत होती. बाकीच्यांना कठडा पुसायचा सांगावा लागतो.

९ नोव्हेंबर, रविवार

कंपनीनं आम्हा सगळ्या मुकादमांना शिबिराला लवासाला नेलं. पिरंगुट, मुठा करत बस गेली. घाटात खिडकीशी बसलो. तिथं पोचलो तर रंगीत रंगीत इमारती, आणि निम्म्या खिडक्यांना पडदेच नाहीत. तळ्याकाठी बाकं होती, त्यांवर कुणी नव्हतं. एवढं झाडून ठेवलेलं कुणासाठी, असं मनात आलं. झाडणारा दिसला एक. त्याला हात केला. त्यानंही केला.

शिकवणारे निरंजन सर. तरणे, उभ्यानं बोलणारे. म्हणाले, माणूस पगारासाठी येतो हे खरं, पण आपलं काम कुणीतरी बघतंय असं वाटलं नाही तर तो मनानं आधीच गेलेला असतो. नुसतं "छान, छान" म्हणू नका. काय छान ते सांगा. कुठल्या दिवशी, कुठलं काम, ते नाव घेऊन सांगा. मला पटलं. वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलंय.

मग एकेकाला विचारलं, "शेवटची शाबासकी कधी दिलीत?" कुणी म्हणे काल, कुणी म्हणे आज सकाळी बसमध्ये चढताना फोनवर! माझी पाळी आली. मी म्हटलं, "आठवत न्हाई." सगळे हसले. सर हसले नाहीत. "प्रामाणिक आहात काका," म्हणाले. त्यानं जास्तच लागलं.

परत येताना आबांची आठवण झाली. चौथीला मी पहिला आलो होतो. निकाल घेऊन पळत खाचरावर गेलो. आबांनी कागद बघितला, म्हणाले, "अक्षर वाकडं हाय तुजं." बस. मी बांधावर बसून रडलो. ते वारल्यावर दहाव्याला चुलत्यांनी सांगितलं — त्याच दिवशी आबांनी पौडच्या बाजारात ओळखीच्या माणसाला अडवून अडवून सांगितलं होतं, माजा गेणबा पयला आला. मला तेवढं सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून.

आमच्यात असंच. पोर गुटगुटीत असलं की म्हणायचं, नाक बसकं हाय. भात भरला की म्हणायचं, अजून काय खरं न्हाई. तान्ह्या पोराच्या गालाला काजळाची तीट लावतात, तशी चांगल्या शब्दालाही लावायची. मग तो शब्द बाधत नाही. हे निरंजन सरांना कसं सांगणार? सगळे पुन्हा हसले असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज तुळजाबाईला चांगलं म्हणायचं ठरवून गेलो होतो. लिफ्टमध्ये मनातल्या मनात म्हणूनही बघितलं. दार उघडलं. म्हणालो, "ती कुंडी सरळ ठेव."

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्नेहल मॅडमनी दहा कागद दिले, माणशी एक. वर मोठा चौकोन — काय चांगलं आहे. खाली लहान चौकोन — काय सुधारायला हवं. म्हणाल्या, "काका, खालचा रिकामा राहिला तरी चालेल. वरचा मात्र मनापासून भरा." तीन सोसायट्यांतून एकाची निवड होणार. त्याला क्लबहाऊस सांभाळायचं काम. पंख्याखाली बसायचं, चाव्या द्यायच्या-घ्यायच्या, जिने नाहीत. आणि नाव कंपनीच्या कायमच्या यादीत.

मला विचार करावाच लागला नाही. तुळजाबाई! पंचावन्नच्या पुढची आहे. अकरा मजले आणखी किती दिवस? हे तिला मिळालंच पाहिजे. माझ्याकडून नऊ वर्षांत तिला काही मिळालं नाही, हे एक मिळू दे.

काळजी एकच. माझं अक्षर. वरच्या साहेबापर्यंत जाणार म्हणे कागद.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवून बसलो. नऊ कागद पटापट झाले. दहावा शेवटाला ठेवला होता. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. इथं उतरवून ठेवतो :

"नऊ वर्षांत एक खाडा नाही. हिच्या जिन्यावर माणूस चप्पल काढून चढेल. न सांगता अकरा मजल्यांचा कठडा रोज पुसते. पाचव्या मजल्यावरच्या आजींची दुधाची पिशवी वर नेऊन देते, ते हिचं काम नाही. शेजारच्या जिन्यावरची बाई आली नाही तर तोही झाडते आणि सांगत नाही. हिच्यावर मुकादम लागत नाही."

सारजाबाईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "एवडं सगळं चांगलंच लिवलंय? एकटी बाई हाय ती. काजळाचं बोट लावा की कुटं तरी."

माझ्याही मनात तेच होतं. ती म्हणाली म्हणून नव्हे. खालचा चौकोन पांढरा बघून छातीत कसंसंच होत होतं, न्हाऊ घातलेलं पोर तीट न लावता चावडीवर नेल्यासारखं. पण लिहायचं काय? आळशी लिहवेना. चिडकी लिहवेना. हात उचलते असं तर कोण लिहील! तिच्या नावाला डाग लागणार नाही असं काहीतरी हवं. आणि खोटं नको. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात गच्चीवर टाकी धुताना चक्कर आली म्हणून पाच मिनिटं बसली होती. पाणी प्याली, उठली. उन्हात कुणालाही येते. त्यात माणसाचा दोष नाही.

लिहिलं — "कधीमधी चक्कर येते."

 तीनच शब्द. बरं वाटलं. चहा मागितला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कागद दिले. स्नेहल मॅडमनी तुळजाबाईचा तिथंच वाचला. वरचंच वाचत होत्या बहुतेक. डोळे भरल्यासारखे वाटले मला. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही तिला कधी बोलून दाखवलंत?"

म्हटलं, "तुमी दाखवा. तुमी बाहेरच्या हाय, तुमची न्हाई लागायची."

त्यांना कळलं नसावं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून काही कळवलं नाही. गेटवर गाडी थांबली की बघतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दहा वाजता स्नेहल मॅडमचा फोन. म्हणाल्या, "काका, तुळजाबाईंना आज काम थांबवायला सांगा. जिना नको, गच्ची नको." मला वाटलं क्लबहाऊस मिळालं! मी म्हटलं, "मॅडम, पेढे आणू का?" 

मग त्यांनी सांगितलं. गणपतीत कंपनीच्या दुसऱ्या एका कामावर एक माणूस शिडीवरून पडला. तेव्हापासून वरून हुकूम आहे, चक्कर, फीट असलं काही लिहून आलं की त्या माणसाला लगेच कामावरून बाजूला करायचं. माझा कागद कॉम्प्युटरवर चढवला आणि त्यानं तेवढे तीन शब्दच उचलले. वरचा मोठा चौकोन कुणी बघितलाच नाही. क्लबहाऊस दुसऱ्या सोसायटीतल्या माणसाला गेलं.

मी म्हटलं, "अहो, पण तिला चक्कर येत न्हाई!"

"काका, तुम्हीच लिहिलंय."

तुम्हीच लिहिलंय. दिवसभर कानात तेच. तुळजाबाईला सांगायला वर गेलोच नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मॅडम स्वतः येऊन तिला सांगून गेल्या. चांगुलपणानं सांगितलं म्हणे, तुमच्या मुकादमांनी तुमच्या काळजीनं लिहिलंय. नियमाप्रमाणं कागदाची एक प्रत तिला दिली. तिला वाचता येत नाही. कुणाकडून तरी वाचून घेणार ती. वाचणारा आधी खालचंच वाचेल.

मी पंपाच्या खोलीत जाऊन बसलो होतो. भ्यालो म्हणून. सदुसष्ट वर्षांचा माणूस!

ती तिथं शोधत आली. कंपनीचा निळा कोट घडी करून हातात. झाडू धुऊन आणला होता. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही वस्तू स्टुलावर ठेवल्या, पदर सारखा केला. म्हणाली, "मुकादम, आज कोपरा ठिवला न्हाई. समदं झाडून आलीया."

मी काय बोललो? "बरं," म्हणालो. बरं!

ती गेल्यावर वर गेलो. अकराव्यापासून पायी खाली आलो. खरंच नव्हता कोपरा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हजेरीला नऊ "हाय". तेही जमिनीकडं बघून. पूर्वी बायका हजेरीआधी बडबडायच्या, कुणाची सून, कुणाचा दात. आता मी आलो की गप्प होतात.

बागेतला माऊली धीट आहे. पाइप गुंडाळत म्हणाला, "आप्पा, एक इनंती हाय. आमचं काय चांगलं दिसलं, तरी लिहू नका बरं का."

कुणी हसलं नाही. मलाच हसावं लागलं, हसल्यासारखं.

निरंजन सर म्हणाले होते, काम कुणीतरी बघतंय असं वाटलं पाहिजे. आता वाटतंय त्यांना. मी नुसतं कुणाकडं पाहिलं तरी हात भराभर चालतात. तसं बघणं नव्हतं सांगितलं सरांनी. काम मात्र चोख होतंय. कमिटीचे लोक खूश आहेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुलाच्या, कैलासच्या गाडीवर बसून तुळजाबाईच्या खोलीवर गेलो. आमच्याच भावकीतल्यांच्या बारा खोल्या आहेत ओढ्यालगत, त्यांतली शेवटची. कुलूप. मालकीण म्हणाली, बुधवारीच खोली सोडली, पातेली शेजारच्यांना वाटली, बोचकं घेऊन गेली. कुठं? म्हणाली नाही. फोन बंद.

शेजारच्या खोलीत गौतमी राहते, हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. तिची आणि तुळजाबाईची गट्टी, दोघी एका चुलीवर जेवायच्या. तिला ठाऊक असणार. तर तिचीही खोली बंद! आई आजारी म्हणून बुलढाण्याला गेली, पंधरा दिवसांनी येणार.

कैलास परत येताना म्हणाला, "आप्पा, एका बाईसाठी किती जिवाला लावून घेताय? कंपनीनं काढलं, तुमी न्हाई." पोरगा समजावत होता. मागं बसून मी मान हलवली, ती त्याला दिसली नसेल.

१ डिसेंबर, सोमवार

कंपनीच्या ऑफिसात गेलो. पहिल्यांदाच. धुतलेला सदरा घातला. स्नेहल मॅडमना सगळं सांगितलं — आबांचं, निकालाचं, काजळाचं, सारजाबाईनं काय म्हटलं ते, वैशाखातली पाच मिनिटं. बोलता बोलता माझाच आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची मुलं माना वर करून बघायला लागली.

त्या आधी हसल्या. मग हसू गेलं. म्हणाल्या, "माझी आजीपण असंच करते. मला नोकरी लागली तेव्हा गल्लीभर सांगत होती, लागली खरी, पण पोरगी लई वाळलीय."

मी म्हटलं, "मग झालं तर! तुमी जाणताय. लिहा वर."

"काका, काय लिहू? सदर चक्कर ही तीट होती, असं लिहू?"

 त्यांनी मला पाणी दिलं. वाईट नाही मुलगी. शेवटी म्हणाल्या, एकच वाट आहे. तुळजाबाईनं डॉक्टरचा दाखला आणला, की चक्कर वगैरे काही नाही, तर परत घेता येईल. पंधरा डिसेंबरपर्यंत जागा अडवून धरते. त्यानंतर ब इमारतीला दुसरी बाई येणार, माझ्या हातात नाही.

पंधरा डिसेंबर. चौदा दिवस. दाखल्याची चिंता नाही, ठणठणीत आहे ती. बाई सापडली पाहिजे.

४ डिसेंबर, गुरुवार

शेजारच्या जांबे गावाला गेलो. तिच्या गावाकडची दोन घरं तिथं भाड्यानं राहतात असं कळलं होतं. एक घर सापडलं. बाईनं दार अर्धंच उघडलं. "तुमी त्येच मुकादम का?" म्हणाली. मी व्हय म्हटलं. "न्हाई ठावं," म्हणाली आणि दार लावलं.

घरी येऊन सारजाबाईला म्हटलं, "तुजंच ऐकलं, बोट लावा म्हणालीस!"

ती उसळली. "मी बोट लावा म्हणलं! बोट घाला म्हणलं व्हतं का? काजळ लावायचं तर दोष असा शोधायचा का — नाकाचं लिवा, बोलण्याचं लिवा, चक्कर कशाला लिवायची? पोटावरच पाय दिला की बाईच्या!"

मग तीच रडायला लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

८ डिसेंबर, सोमवार

तिच्या तालुक्याकडं जाणाऱ्या एस.टी.च्या एका कंडक्टरला चिठ्ठी दिली. नाव, गाव, माझा नंबर. कुठल्या वाडीची ते मला ठाऊक नाही. नऊ वर्षं रोज नाव घेतलं, वाडी विचारली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आज एक गोष्ट केली. हजेरी झाल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, "माऊली, काल पाण्याची वेळ चुकली तर तू घरून परत आलास आणि रोपांना पाणी घातलंस. मी बघितलं. चांगलं केलंस." एवढंच. शेवटाला काही जोडलं नाही. जीभ तीट लावायला वळवळत होती, दातांखाली धरली.

माऊली घाबरला. "कागदावर न्हाई ना?" म्हणाला.

"न्हाई. तोंडीच हाय."

 मग म्हणाला, "बरं." पाइप उचलून गेला. चालताना शीळ घालत होता असं वाटलं. माझे कान आता तेवढे खात्रीचे नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी हे जमलं असतं तर! लिफ्टचं दार उघडायचं, म्हणायचं, कठडा चांगला पुसतेस. एवढ्याला किती वेळ लागतो? कुंडी सरळ ठेव म्हणायला लागतो तेवढाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

फोन नाही. चार्जिंगला लावूनच ठेवतो. तीन दिवस उरले.

१४ डिसेंबर, रविवार

गौतमी आली. सकाळी मालकिणीनं फोन केला, तसा पायीच निघालो, गुडघा दुखत होता तरी. ती कपडे वाळत घालत होती. मला पाहून पदर खोचला, आत या म्हणाली नाही, पण पाट टाकला, पाणी ठेवलं. मी उभ्यानंच सुरुवात केली. म्हटलं, "बाई, तुळजाबाईला उद्याच्या आत बोलव. डॉक्टरचा दाखला हवा, चक्कर नसल्याचा. साधं काम हाय. तिला कुटं चक्कर येते!"

गौतमीनं हातातला कपडा तसाच बादलीत टाकला.

म्हणाली, "आप्पा, येते की. वरीस झालं. श्रावणात तर दोनदा हितंच पडली, ह्या दारात. मी उचललीय. दवाखान्यात चल म्हणलं तर म्हणायची, गेलं की लिवून देत्यात, मग काम जातं. कुणाला सांगू नगो म्हणून माझ्याकडून शपथ घेतली."

मी म्हटलं, "पण जिना? अकरा मजले?"

"लिफ्टनं वर जायाची आन उतरत उतरत झाडायची. कठडा धरूनच उतरायची. नुसतं धरलेलं दिसायला नगो, म्हणून हातात फडका ठिवायची."

मी पाटावर बसलो.

न सांगता अकरा मजल्यांचा कठडा रोज पुसते. मीच लिहिलंय. मोठ्या चौकोनात. जे कौतुक म्हणून लिहिलं ते तिचं दुखणं होतं. आणि जी तीट म्हणून लावली ती खरी होती. रोज सात वाजता नाव घेत होतो, रोज वर जात होतो. फरशी बघत होतो. कोपरा बघत होतो.

तिला कागद गौतमीनंच वाचून दाखवला, त्याच मंगळवारी संध्याकाळी. वरचा चौकोन तीनदा वाचायला लावला म्हणे. "मुकादम लागत न्हाई" ह्याला हसली. बुधवारी बहिणीकडं नळदुर्गाच्या बाजूला गेली, तिथून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवणार होती. आता लपवायचं कशाला, म्हणाली. नवा नंबर घेतला की कळवते म्हणाली होती. अठरा दिवस झाले. गौतमीला काही आलेलं नाही.

दाखल्याचं पुन्हा काढलं नाही मी. पाणी प्यालो आणि आलो.

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, हात धजला नाही. कागदावरची शेवटची, चक्करची ओळ वाचून गौतमी थांबली होती, तिला वाटलं बाई आता रडणार. तर तुळजाबाई म्हणाली, "ह्ये त्येंला कसं कळलं गं? मी तर कुणाला बोलले न्हाई. म्हंजी नऊ वर्सं नुसता कोपरा बघत न्हवता म्हातारा. मला बी बघत हुता."

आज हजेरीत तुमचं नाव घेतलं. "हाय" यायची वाट बघितली, मग पुढचं नाव घेतलं.

तुळजाबाई, मी बघत नव्हतो. कुठं असाल तिथून निरोप धाडा. लवकर धाडा.